टप नसलेल्या गाडीचे गोत्र

पनवेलच्या जुन्या भागात एका वाड्याच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिच्यात एक मोटारगाडी कित्येक वर्षे उभी होती. लाल रंग उडालेला, चारही टायर बसलेले, आणि डोक्यावर टप नाही. टपाच्या जागी मागे गुंडाळलेले कुजके ताडपत्रीचे कापड. नाकावर कोणत्या तरी दुसऱ्याच गाडीची जाळी बसवलेली, मागचे दिवे तिसऱ्याच गाडीचे. कंपनीचे नाव सांगणारी पट्टी कोठेही नाही. नोंदणीपुस्तक पुरात गेले. नंबरपाटीवर १९८९ पूर्वीच्या पद्धतीची तीन अक्षरे व चार आकडे होते, पण त्यावरून गाडी कोठे नोंदली गेली एवढेच कळते, ती कोणी बनवली ते कळत नाही.

घरातले काका सांगत, "वडिलांनी मुंबईहून आणली. अस्सल इटालियन आहे, कारखान्यातूनच बिनटपाची आलेली." शेजारच्या गॅरेजचे मिस्त्री म्हणत, "काका, ही हेरल्ड आहे. खाली चॅसिस दिसते की!" दोघांचे म्हणणे एकदम खरे असणे शक्य नव्हते. गाडी चालू करून नातीच्या लग्नात वरात काढावी अशी काकांची इच्छा होती. त्यापूर्वी हा वाद मिटवणे जरूर होते, आणि ते केवळ हौसेखातर नव्हे. गाडीचे गोत्र कोणते यावरच ती रस्त्यावर आणणे सुरक्षित आहे की नाही हे ठरणार होते. ते कसे, ते पुढे येईलच. महाविद्यालयातले माझे चार विद्यार्थी, एक पोलादी मोजपट्टी, ओळंबा, लोहचुंबक आणि व्हर्नियर कॅलिपर एवढ्या सामग्रीवर आम्ही कामाला लागलो.

प्रथम संशयित कोण ते पाहू. आकारमानावरून दोनच नावे पुढे येत होती. एक म्हणजे फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातील प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० नंतरच्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या फुगीर आकारामुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. १९६४ पासून चौकोनी अंगाची ११०० डी आली. तीच पुढे १९७० नंतरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर राहिली. दुसरी संशयित म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. ब्रिटनच्या ट्रायम्फ हेरल्डचे हे भारतीय रूप मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून बनू लागले.

गाडी ओळखण्याची पहिली मोजणी म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर. पत्रा बदलता येतो, दिवे बदलता येतात, पण हे अंतर सहसा कोणी बदलत नाही. फियाटसाठी ते २३४० मिमी आहे आणि हेरल्डसाठी २३२४ मिमी. म्हणजे फरक फक्त १६ मिमी, शेकडा पाऊणसुद्धा नाही! आम्ही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या. डावीकडे २३३६ मिमी आले, उजवीकडे २३२९. एकाच गाडीच्या दोन बाजूंत ७ मिमीचा फरक पडत असेल, तर तिच्यावरून १६ मिमीचा निवाडा करणे धाडसाचे होते.

मग इंजिन. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून एक तार आत सोडली आणि दट्ट्या किती सरकतो ते मोजण्याचा एका विद्यार्थ्याने प्रयत्न केला. कल्पना चांगली, पण दट्ट्या जाम होता. तो जाम नसता तरी फारसे साधले नसते, कारण फियाटच्या दट्ट्याची चाल ७५ मिमी आणि हेरल्डची ७६ मिमी! तिरप्या भोकातून घातलेल्या तारेने १ मिमीचा फरक पकडता येत नाही.

येथे विद्यार्थ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. फक्त काळजीपूर्वक मोजून भागत नाही. ज्या राशीत दोन संशयितांचा फरक मोठा आहे ती राशी मोजायला निवडावी लागते. सिलिंडरचा व्यास फियाटमध्ये ६८ मिमी आहे, तर पहिल्या हेरल्डमध्ये ६३ मिमी. हा फरक शेकडा ७ हून अधिक, साध्या पट्टीनेही दिसणारा. मिस्त्रींनी इंजिनाचे हेड उतरवले. कॅलिपरने व्यास आला ६८.४ मिमी.

आता घनफळ काढू. फियाटच्या पुस्तकी मापाने त्रिज्या ३.४ सेंमी, तिचा वर्ग ११.५६, त्याला ३.१४१६ ने गुणून ३६.३२ चौ. सेंमी. त्याला चाल ७.५ सेंमीने गुणले की २७२.४, आणि चार सिलिंडरांचे मिळून १०८९ घन सेंमी. आमच्या ६८.४ मिमी व्यासाने हेच उत्तर ११०२ येते. मग आमचे माप चुकले का? नाही. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कोरून जाड दट्ट्या बसवतात. या इंजिनाचे एकदा तरी 'बोअरिंग' झाले होते, एवढेच त्या ०.४ मिमीने सांगितले.

पण मिस्त्री सहज हार मानणारे नव्हते. "इंजिन कोणीही बदलतं, सर!" म्हणाले. आक्षेप अगदी रास्त होता. तेव्हा सांगाड्याला ज्या बोल्टांनी पुढची जोडणी केली होती ते तपासले. एका बोल्टचा व्यास ८ मिमी भरला. ब्रिटिश मापातला पाच-सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिमी असतो, म्हणजे व्यासाने पुन्हा काही ठरत नाही. मात्र आटे मोजले की ठरते. मेट्रिक बोल्टवर दोन आट्यांतले अंतर सव्वा मिमी, म्हणजे दहा आट्यांना १२.५ मिमी. हेरल्डच्या पद्धतीच्या बोल्टवर एका इंचात २४ आटे, म्हणजे दहा आट्यांना १०.६ मिमी. आमच्या पट्टीवर साडेबारा आले. इंजिन बदलले तरी सांगाड्याचे सगळे बोल्ट कोणी बदलत बसत नाही. हेरल्ड बाद झाली.

मग मिस्त्रींना दिसलेली 'चॅसिस' कोणती? आणि काकांची 'इटालियन' ही गोष्ट खरी होती का? इटलीत फियाटने ११०० चे एक बिनटपाचे रूप खरोखरच काढले होते. १९५५ नंतर काही वर्षे ते विकले गेले, आणि त्याचे चाकांमधले अंतरही तेच, २३४० मिमी. तेव्हा ओळंबा येथे निरुपयोगी. मात्र ती गाडी दोनच दारांची होती. मागच्या दारांचा तेथे प्रश्नच नव्हता.

हे काम लोहचुंबकाने केले. चुंबक दोऱ्याला बांधून पत्र्यावरून फिरवला. पत्रा नुसत्या रंगाखाली असेल तेथे तो घट्ट चिकटतो. रंगारी ज्याला लांबी म्हणतात ती पुट्टी जाड भरलेली असेल, तर चुंबक आणि लोखंड यांत अंतर पडते आणि आकर्षण झपाट्याने घटते. पुढच्या दाराच्या मागे चुंबक एका उभ्या रेषेवर पटकन निसटू लागला. त्यापुढे हातभर अंतरावर तशीच दुसरी रेषा सापडली. लांबी खरवडल्यावर खाली वेल्डिंगची शिवण आणि मधल्या खांबावर बिजागऱ्यांची बुजवलेली भोके निघाली. मागची दारे बंद करून डागली होती. गाडी कुर्ल्याची चार दारांची फियाट, बहुधा ११०० डी, आणि तिचा टप कोणा कारागिराने करवतीने कापलेला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता धोका कोठे आहे ते पाहू. हेरल्डला खाली स्वतंत्र पोलादी सांगाडा होता आणि टप वर बोल्टांनी बसवलेला असे. तो काढला तरी गाडीचे बळ खालीच राहते. फियाट ११०० चे तसे नाही. तिला वेगळी चॅसिस नाही. तळ, खांब, टप आणि बाजू मिळून पत्र्याची एक बंद पेटी होते, आणि ही पेटीच सारा भार सोसते. टप कापणे म्हणजे तिची कडा तोडणे होय.

याचा परिणाम किती होतो हे घरी पाहता येईल. जाड कागदाची सुरळी करून तिची कड पूर्ण लांबीभर डिंकाने चिकटवा आणि दोन्ही टोके धरून पिळा. सुरळी पिळली जात नाही म्हणा ना! आता तशीच दुसरी सुरळी न चिकटवता पिळा. ती मुकाट्याने पिळते. कागद तोच, वजन तेच. पातळ नळीच्या बाबतीत गणित असे सांगते की, बंद नळी ही चिरलेल्या नळीपेक्षा पिळाला किती पट ताठ, हे काढण्यासाठी त्रिज्येला जाडीने भागावे, उत्तराचा वर्ग करावा आणि त्याची तिप्पट करावी. ५० मिमी त्रिज्येची आणि १ मिमी जाडीची नळी घेतली, तर ५० चा वर्ग २५०० आणि तिप्पट ७५००. एका चिरेने साडेसात हजार पट फरक! मोटारगाडी ही काही साधी नळी नव्हे, तिच्यात घट इतकी प्रचंड होत नाही, पण दिशा हीच.

ज्याने टप कापला त्यालाही काहीतरी कमी पडते आहे हे जाणवले असावे. त्याने तळाखाली दोन लांब लोखंडी चॅनेल डागले होते. मिस्त्रींना चॅसिस वाटली ती हीच. पण चॅनेलचा छेद इंग्रजी सी अक्षरासारखा, म्हणजे एका बाजूने उघडा. तो वाकण्याला चांगला विरोध करतो, पिळाला मात्र फारच थोडा. चिरलेल्या सुरळीचाच तो भाऊ.

हे प्रत्यक्ष मोजता येते. गाडी सपाट जमिनीवर उभी करून दाराच्या चौकटीचा कर्ण मोजला. मग पुढचे एकच चाक उचलेल असा जॅक कोपऱ्याखाली लावला आणि पुन्हा मोजला. कर्ण ९ मिमीने बदलला, आणि त्या अवस्थेत दार लागेना. रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेले की हेच होणार, दर खड्ड्याला, आणि वेल्डिंगच्या जागी धातू थकत जाणार. कळंबोलीच्या चौकापर्यंत जाऊन यायचे म्हटले तरी किती खड्डे लागतात ते पनवेलकरांना सांगायला नको.

उपाय सूत्रातच आहे. सी चॅनेलच्या उघड्या बाजूवर पोलादी पट्टी सलग वेल्ड करून त्याची बंद नळी केली, दारांखालच्या उंबरठ्यांचा गंजलेला पत्रा कापून नवा बंद पत्रा बसवला, आणि तळाखाली फुलीच्या आकाराचे दोन बंद गज टाकले. वेल्डिंग करताना टप नसलेली गाडी मध्येच बसू नये म्हणून दारांच्या चौकटीत आधी तात्पुरते तिरपे गज ठोकले होते. ते राहिले असते, तर वाकलेली गाडी कायमची वाकलेलीच डागली गेली असती. नंतर जॅकवर कर्णातला फरक ३ मिमी आला आणि दार लागू लागले.

इंजिनाचे काम त्यामानाने सोपे. जाम दट्ट्यांवर डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतून आठ दिवस थांबलो. घाईने स्टार्टर मारला असता, तर दट्ट्याच्या कड्या तुटल्या असत्या. नवव्या दिवशी हँडलने इंजिन हाताने फिरले. फ्लायव्हीलभोवतीची दातेरी कडी झिजली होती, ती बदलली. ही कडी स्क्रूने बसवत नाहीत. कडीचा व्यास सुमारे २८० मिमी. ती २०० अंश सेल्सिअसने तापवली की सुमारे ०.६७ मिमीने रुंदावते, अलगद बसते आणि थंड होताना आवळून घेते. पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते, आणि लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याची रीत अगदी हीच. मिस्त्रींच्या आजोबांनी ती कामे केली होती, त्यामुळे हे गणित त्यांना आमच्याकडून शिकावे लागले नाही.

ब्रेकचे जुने तेल पूर्ण काढून टाकले, कारण ते हवेतील पाणी शोषते. साध्या प्रतीचे नवे तेल २०५ अंशांच्या वर उकळते, पण थोडे पाणी मुरले की १४० अंशांच्या आसपासच उकळू लागते. ब्रेक तापले, तेलात वाफ झाली, की वाफ दाबली जाते आणि पायाखालचे पेडल नुसतेच खाली जाते. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या काळचे रबर त्याला टिकत नाही.

इंजिन तिसऱ्या प्रयत्नात चालू झाले. शेडमध्ये इतका धूर झाला की काकूंनी वरून खिडक्या लावून घेतल्या.

वरातीचे मात्र जमले नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम झाले, पण त्यातही चॅसिस, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा अशी अट आहे. गाडी अस्सल इटालियन ठरली असती, तर बिनटपाची असूनही ती मूळ रूपातलीच मानता आली असती. कापलेल्या फियाटला ती सोय नाही. काकांपुढे दोन वाटा उरल्या. भंगारात निघालेल्या पद्मिनीचा टप आणि मागची दारे मिळवून गाडी पुन्हा चार दारांची करायची, किंवा ती वाड्याच्या आवारातच फिरवायची.

लग्नाच्या दिवशी नवरानवरी वाड्याच्या दारापासून मांडवापर्यंत, सुमारे ४० मीटर, त्या गाडीतून आली. सगळा रस्ता खासगी आवारातला होता. आता मिस्त्री टपाच्या शोधात आहेत. टप कोणत्या खांबांवर, कोठे आणि किती उंचीवर बसवायचा, याची मापे विद्यार्थ्यांनी बुजवलेल्या शिवणींवरून घेऊन ठेवली आहेत.