रागावलेल्या बालकाचा पुतळा

पुतळा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें? उंच चौथरा, त्यावर घोड्यावर बसलेला एखादा राजा किंवा हातांत ग्रंथ घेतलेला थोर पुरुष, आणि भोंवतीं लोखंडी कठडा. आज आम्ही ज्या पुतळ्याची माहिती देणार आहोंत, तो कोणा राजाचाही नाहीं आणि पंडिताचाही नाहीं. मुठी आवळून, तोंड वासून, एक पाय आपटण्यासाठीं उचलून रडणाऱ्या एका लहानग्या पोराचा तो आहे. त्या पोरास नांव नाहीं. लोक त्यास नुसता ‘रागीट मुलगा’ असें म्हणतात.

हा ब्राँझचा पुतळा नॉर्वे देशाच्या राजधानींत, ऑस्लो शहरांतील फ्रोग्नर उद्यानांत आहे. तो गुस्टाव विगेलांड (१८६९–१९४३) या शिल्पकारानें घडविला. १९२१ सालीं विगेलांड यानें आपल्या नगराशीं एक करार केला. नगरानें त्यास राहण्यास व काम करण्यास जागा बांधून द्यावी, आणि त्याच्या मोबदल्यांत त्यानें आपलीं शिल्पें नगरास अर्पण करावीं, असा तो करार होता. म्हणजे जें त्याच्या हातून घडेल, तें एका धनिकाच्या दिवाणखान्यांत न जातां सर्व नगरवासीयांचें व्हावयाचें होतें. आज त्या उद्यानांत २०० हून अधिक शिल्पें आहेत. तेथील १०० मीटर लांबीच्या पुलावर ब्राँझचे ५८ पुतळे असून आपला हा बालक त्यांतलाच एक. हा पूल १९४० सालीं लोकांस खुला झाला. पुढें तीनच वर्षांनीं, उद्यान पुरें होण्यापूर्वीं, शिल्पकार निवर्तला. त्या उद्यानांत जाण्यास कोणासही पैसा पडत नाहीं.

आतां ब्राँझ म्हणजे काय तें पाहूं. तांबें आणि कथील यांचा हा मिश्रधातु होय. पुतळ्याच्या ब्राँझमध्यें साधारणपणें नऊ भाग तांबें व एक भाग कथील असतें. भांड्यांस कल्हई करणारा जें कथील वापरतो, तेंच हें. शुद्ध तांबें वितळण्यास सुमारें १०८५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. कथील मिसळल्यानें तें त्याहून कमी उष्णतेंत वितळतें, आणि थंड झाल्यावर तांब्याहून कठीण होतें. शिल्पकार प्रथम मातीचा पुतळा करितो. त्यावरून साचा तयार होतो, आणि ओतारी त्या साच्यांत तापलेला रस ओततो. मोठे पुतळे बहुधा आंतून पोकळ ठेवितात.

तांब्याचें भांडें तसेंच ठेविल्यास त्यावर हिरवट कळंक चढतो, हें तुम्हीं घरीं पाहिलें असेल. पाऊस आणि वारा सोसणाऱ्या ब्राँझवरही असाच काळसर-हिरवा थर बसतो. अन्नाच्या भांड्यांत तो विषारी, म्हणून आई तें चिंचेनें घांसते. पुतळ्यावर मात्र तोच थर खालच्या धातूचें रक्षण करितो.

आतां त्या बालकाचा डावा हात पाहा. सर्व अंग काळवंडलेलें, परंतु तो हात सोन्यासारखा चकाकतो. येणारा प्रत्येक जण कौतुकानें तो हातीं धरतो, आणि त्या स्पर्शानें थर टिकत नाहीं. त्याबरोबर ब्राँझही कणाकणानें झिजतें. १९९२ सालच्या नववर्षाच्या सुमारास चोरांनीं हा पुतळा कापून नेला होता. पुढें तो सांपडला व पूर्ववत् जागेवर बसविण्यांत आला. चोराची करवत सर्वांस दिसते व तिचा सर्वांस संताप येतो. परंतु ‘मीं एकट्यानें हात लावल्यानें काय होतें?’ असें म्हणणाऱ्या हजारोंचे हात कोणासच दिसत नाहींत.

येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. विद्यार्थी असतांना आम्हीं शाळेच्या बांकावर चाकूनें आपलें नांव कोरिलें होतें. पुढें शिक्षक होऊन त्याच शाळेंत गेलों, तेव्हां परीक्षेच्या दिवशीं एका मुलाचें पेन त्याच खांचेंत अडकून त्याची उत्तरपत्रिका फाटली. तो आमच्याकडे पाहून म्हणाला, “सर, कोणीतरी बांक खराब केलाय.” त्या ‘कोणीतरी’चें नांव आमच्या ओठांवर आलें, परंतु तें उच्चारण्याचें धैर्य झालें नाहीं. तें आज या पानावर उच्चारीत आहों.

जें सर्वांचें, तें कोणाचेंच नव्हे, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. घरांतील तांब्या आपण घांसूनपुसून ठेवितों. शाळेचा बांक, गांवचा पाणवठा, रस्त्यावरचें झाड यांकडे मात्र परकें म्हणून पाहतों. पालकांस आमची विनंती आहे कीं, हा विषय मुलांशीं एकदां घरीं बोलावा. आणि मुलांनो, उद्यां वर्गांत बसण्यापूर्वीं आपल्या बांकावरून एकदां हात फिरवून पाहा. जी खांच हातास लागेल, ती कोणी केली हें विचारूं नका. ती आणखी खोल होणार नाहीं, एवढें पाहा.