आरतीत कान झाकणारं मूल



गणपती आले की घरात झांजा, धूप, पाहुण्यांची वर्दळ. आपल्याला आनंद होतो. पण स्वमग्न मुलांपैकी अनेकांना हेच आवाज, वास, स्पर्श असह्य होतात. मग मूल कान झाकतं, किंचाळतं, पळतं. आपण म्हणतो, "हट्टी आहे, वळण नाही." हा हट्ट नव्हे, सोसण्याची मर्यादा संपल्याची ती खूण आहे. आपल्या अशा बोलण्यामुळेच कितीतरी आया मुलाला घेऊन यायचं बंद करतात.

यंदा एवढं करू या :

१. कोण येणार, आरती कधी, हे आदल्या दिवशी चित्रं काढून दाखवू.
२. झांजा वाजण्याआधी सांगू. आवाज कमी करणारे हेडफोन लावू देऊ.
३. एक खोली शांत ठेवू. हवं तेव्हा त्याला तिथे जाऊ देऊ.
४. पाया पडायची, मोदक खायची जबरदस्ती नको.
५. जेवणाझोपेची रोजची वेळ शक्यतो मोडू नये.

दारातून पाहिलेली आरतीही आरतीच. आणि मूल आत गेलं, तर ओळखीच्या कुणीतरी म्हणावं, "ताई, तुम्ही आरतीला थांबा, मी त्याच्याजवळ बसते." हीसुद्धा सेवाच.