जुना संगणक : दुरुस्त करावा कीं नवा घ्यावा ?

हल्लीं पुष्कळ शेतकरी बंधूंच्या घरीं टेबलावरील संगणक आहे. सात-बाराचा उतारा काढणें, ऊंस-द्राक्षांच्या विक्रीचा हिशेब, मजुरांची हजेरी, बँकेचा व्यवहार व मुलांचा अभ्यास हीं सर्व कामें त्यावर होतात. दहा-बारा वर्षांपूर्वीं घेतलेलें हें यंत्र मंद झालें, म्हणजे दुकानदार म्हणतो, "नवाच घ्या", शेजारी म्हणतो, "रॅम वाढवा, चालेल." दोघांचेंही म्हणणें कधीं बरोबर असतें, कधीं नसतें. खर्च आपल्या पिशवींतून व्हावयाचा, सबब निर्णयाची रीत आपणांस ठाऊक असावी, म्हणून ती येथें क्रमानें देतों.

१. यंत्राचीं मुख्य अंगें

महसुली कचेरीच्या दाखल्यानें हें लवकर समजेल. प्रोसेसर हा काम करणारा कारकून. रॅम म्हणजे त्याच्या पुढील मेज. तें जितकें मोठें, तितके कागद एका वेळीं पसरतां येतात. हार्ड डिस्क म्हणजे रुमालांत बांधलेल्या दप्तरांची कोठडी. कारकून कितीही चपळ असला तरी मेज लहान असल्यास त्याला घडोघडीं कोठडीकडे धांवावें लागतें. आणि कोठडींत दप्तर लवकर सांपडत नसेल, तर सारा दिवस शोधण्यांतच जातो. तेव्हां संगणक मंद झाला म्हणजे कारकून म्हातारा झाला, असें लागलेंच समजूं नये.

२. दोष कोठें आहे तें पाहणें

प्रथम स्वस्त दोष काढून टाकावे. कापसाचा व भुशाचा धुरळा पंख्यांत बसला कीं प्रोसेसर तापतो आणि तापला कीं आपला वेग आपणच कमी करितो. वीज बंद करून, पेटी उघडून ब्रशानें धूळ काढावी. सुरू करतेवेळीं तारीख जर भलतीच दिसत असेल, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. तारीख चुकली म्हणजे बँकेचीं व सरकारी संकेतस्थळें उघडत नाहींत, व लोकांस वाटतें कीं यंत्रच बिघडलें. ही बॅटरी अगदीं थोड्या पैशांत मिळते.

नंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. नेहमींचें काम चालूं ठेवून त्यांतील आंकडे पहावे. डिस्कचा आंकडा बराच वेळ शंभर टक्क्यांस चिकटून राहिला, तर कोठडी मंद आहे. रॅमचा आंकडा नव्वदाच्या वर असला, तर मेज अपुरें आहे. प्रोसेसरचाच आंकडा साध्या कामांतही शंभरावर राहिला, तरच कारकून थकला असें म्हणावें.

३. कोणती सुधारणा लाभते

सर्वांत अधिक गुण एस.एस.डी.चा येतो. जुन्या हार्ड डिस्कमध्यें तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० वेळां फिरतात, व वाचणारी सुई जागा शोधीत हिंडते. त्यामुळें विखुरलेले लहान कागद ती सेकंदास सुमारें शंभरच काढूं शकते. एस.एस.डी.मध्यें हलणारें कांहींच नाहीं, म्हणून तेंच काम सेकंदास हजारोंच्या संख्येनें होतें. शिवाय उद्यां नवा संगणक घेतला तरी ती एस.एस.डी. काढून बहुधा त्यांत बसवितां येते. हा पैसा वायां जात नाहीं.

रॅमचें तसें नाहीं. सन २०१४ च्या सुमाराच्या यंत्रांत बहुधा डी.डी.आर.-३ जातीची रॅम असते, ती डी.डी.आर.-४ च्या खांचेंत बसत नाहीं, म्हणजे पुढील यंत्रास निरुपयोगी. ४ जी.बी. असल्यास ८ करणें हितावह आहे. परंतु आधीं विंडोज ३२ बिटची आहे कीं ६४ बिटची हें पहावें, कारण घरगुती ३२ बिटच्या विंडोजला ४ जी.बी.हून अधिक रॅमचा उपयोग करतां येत नाहीं.

प्रोसेसर व मदरबोर्ड बदलण्याची पाळी आली, कीं बहुधा रॅमही बदलावी लागते. हें म्हणजे जुन्या बैलगाडीला नवीं चाकें, नवें जूं व नवी साटी बसविण्यासारखें आहे. अशा वेळीं नवाच घ्यावा.

४. वेगाहून मोठा प्रश्न

यंत्र चपळ झालें म्हणजे तें सुरक्षित झालें असें नव्हे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केला. घरगुती वापरासाठीं नांव नोंदविणारांस सुरक्षेच्या दुरुस्त्यांची जादा मुदत त्या वेळीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली होती. दुरुस्त्या थांबल्या कीं नवीं सांपडलेलीं भोकें उघडींच राहतात. म्हणजे कुंपण मोडलेल्या शेतासारखी स्थिति होते. अशा यंत्रावर बँकेचा व्यवहार करणें धोक्याचें आहे.

विंडोज ११ साठीं टी.पी.एम. २.० ही सोय, किमान ४ जी.बी. रॅम, ६४ जी.बी. जागा व मान्य यादींतील प्रोसेसर लागतो. इंटेलचा असल्यास तो साधारणपणें आठव्या पिढीचा अगर त्यापुढील हवा. पिढी नांवावरून कळते : आय५-४५७० यांत जोडरेघेपुढील ४ म्हणजे चौथी पिढी, आय३-८१०० म्हणजे आठवी. चौथ्या पिढीच्या यंत्रांत कितीही रॅम घातली तरी तें मान्य यादींत येत नाहीं. त्यावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालतां येते व तिच्या दुरुस्त्या मिळत राहतात. मात्र आपला हिशेबाचा प्रोग्रॅम, छपाईयंत्र व डिजिटल सही तिजवर चालतात कीं नाहीं, हें आधीं पहावें.

५. हिशेबाची रीत

खर्चाची एकूण रक्कम न पाहतां दर वर्षीं किती पडते तें पहावें. समजा, दुरुस्तीस ६,००० रुपये लागतात व यंत्र आणखी ३ वर्षें चालेल. तर वर्षास २,००० पडले. नवा ३६,००० चा असून ८ वर्षें टिकला, तर वर्षास ४,५००. येथें दुरुस्ती सरस. परंतु तेंच जुनें यंत्र एकच वर्ष चालणार असेल, तर ६,००० रुपये एका वर्षाचे झाले व नवाच स्वस्त ठरला. आंकडे प्रत्येकानें आपल्या बाजारभावाचे घालावे. मदरबोर्डावरील लहान डबे फुगले असतील, किंवा यंत्र आपोआप बंद पडत असेल, तर उरलेलें आयुष्य थोडेंच धरावें.

६. दप्तर आधीं, यंत्र मागाहून

दुरुस्ती असो वा नवी खरेदी, आधीं सर्व हिशेब व कागदपत्रें बाहेरच्या डिस्कवर उतरून घ्यावीं, व तीं दुसऱ्या संगणकावर उघडून पहावीं. जुने मराठी अर्ज युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेले असल्यास ते फाँटही बरोबर घ्यावे. नाहीं तर नव्या यंत्रावर देवनागरीच्या जागीं अर्थहीन अक्षरें दिसतील. जुनी डिस्क भंगारवाल्यास देऊं नये. नुसतें डिलीट केल्यानें मजकूर पुसला जात नाहीं. ती घरांत दुसरी प्रत ठेवण्यास वापरावी, किंवा पूर्ण पुसून, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणें, नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाराकडे द्यावी.

सारांश : धूळ व बॅटरी प्रथम, आठवी पिढी अगर पुढील असेल तर एस.एस.डी. व रॅम घालून यंत्र ठेवावें. त्यामागील असून बँकेचें काम करावयाचें असेल, तर चालत असल्यास लिनक्स, नाहीं तर नवा संगणक. आणि कांहींही ठरलें तरी दप्तराची दुसरी प्रत आजच करावी. यंत्र बाजारांत केव्हांही मिळतें. दहा वर्षांचा हिशेब पुन्हां मिळत नाहीं.