गच्चीवर अँटेना लावू की छत्री?

प्रश्न : राजापेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर वडिलांनी लावलेला टीव्हीचा अँटेना अजून उभा आहे. अमेरिकेतली मुलगी सांगते की तिकडे लोक अँटेना लावून फुकट चॅनल बघतात. दर महिन्याला केबलचे पैसे भरणं आता नको वाटतं. नवा अँटेना घ्यायचा तर कोणता घ्यावा?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : कोणताच घेऊ नका, पैसे वाया जातील. मुलगी सांगते ते खरं आहे; अमेरिकेत 2009 साली जमिनीवरचं प्रक्षेपण डिजिटल झालं आणि शहरोशहरीची केंद्रं आजही ते हवेतून फुकट देतात. आपल्याकडे मात्र प्रसार भारतीनं दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद करत आणले आणि मार्च 2022 पर्यंत मोक्याच्या जागांवरचे सुमारे 50 तेवढे ठेवले. ते बहुतेक सीमाभागातले. अँटेना म्हणजे कान. बोलणारंच कोणी नसेल तर कान कितीही चांगला असला तरी काय ऐकणार?

तरी एकदा टेप घेऊन गच्चीवर जाच. चपटी वायर ज्या दांडीला जोडलेली असते तिची लांबी लहरीच्या निम्म्याहून किंचित कमी असते. दांडी 80-85 सेंटिमीटर भरली तर तो अँटेना 175 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या चॅनलसाठी बनवलेला. सव्वादोन मीटर भरली तर 60-65 च्या. मागची दांडी थोडी लांब, कारण ती लहर परतवते. पुढच्या आखूड, त्या लहरीला वाट दाखवतात. ही रचना जपानच्या उदा आणि यागी यांनी 1926 च्या सुमारास मांडली. असा अँटेना समोरचंच नीट ऐकतो, म्हणूनच एक जण वर पाइप फिरवायचा, दुसरा खालून ‘आल्या मुंग्या, अजून थोडं!’ ओरडायचा. तोंड केंद्राकडे झालं की चित्र स्वच्छ.

आता केंद्र आहे आकाशात, 93.5 अंश पूर्वेवरचा जीसॅट-15 उपग्रह. दूरदर्शनची फ्री डिश तिथूनच येते. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली आणि तिला महिन्याचं भाडं नाही. छत्री म्हणजे डिश, तिच्यासमोरचा लहरी टिपणारा एलएनबी, वायर आणि सेट टॉप बॉक्स यांचा खर्च एकदाच. बॉक्स एमपीईजी-4 चा घ्या, जुन्या एमपीईजी-2 च्या बॉक्सवर सगळे चॅनल उघडत नाहीत. सह्याद्री वाहिनी यात मिळते. मात्र केबलवरचे सगळे पैशांचे चॅनल मिळतील अशी आशा धरू नका. घरात कोण काय बघतं ते आधी विचारून घ्या.

छत्रीचं तोंड आग्नेयेला, साधारण 142 अंशांवर हवं. सोपं सांगायचं तर यवतमाळच्या दिशेला, आणि उपग्रह क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर. इतका उंच असल्यामुळे राजापेठेसारख्या दाट वस्तीतही अडचण कमी येते: दहा फुटांवरची भिंत छत्रीपेक्षा पंधरा फूट उंच असली तरी चालते. त्या बाजूला झुकलेला कडुलिंब मात्र चालत नाही. पानांतून उपग्रहाची लहर नीट येत नाही. छत्री किती तिरपी दिसते यावर जाऊ नका. एलएनबी खालच्या बाजूला असल्यानं ती दिसते त्याहून वर बघत असते.

मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाईल. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या, पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. जुन्या दीड ते पाच मीटरच्या लहरींना पावसाचं काही वाटत नसे. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं, तेवढ्यासाठी मेकॅनिकला बोलावू नका.

एक गोष्ट कटाक्षानं पाळा : वडिलांच्या अँटेन्याच्या पाइपावर छत्री बसवून घेऊ नका. तो पाइप वाऱ्यानं डुलायचा आणि अँटेन्याला ते चालायचं. साठ सेंटिमीटरची छत्री दीड-दोन अंश हलली तरी चित्र जातं. स्लॅबमध्ये किंवा पक्क्या भिंतीत बोल्ट ठोकून घ्या. जुना पाइप बुडाशी गंजला असेल तर वादळात तो शेजाऱ्यांकडे पडण्याआधी उतरवा. अँटेना मात्र भंगारात देऊ नका, वडिलांची आठवण म्हणून खाली आणून ठेवा.