खपली काढणारा हात

‘जुन्या जखमेची खपली काढू नये’ असे आपण बोलताना सहज म्हणतो. परंतु खरोखरीच खपली काढल्यावाचून ज्यांना राहवत नाही, अशी माणसे आपल्या आसपास असतात. पुटकुळी, खपली, प्रसंगी चांगली कातडीही ती नखाने खुडतात. रक्त येते, लाज वाटते, तरी हात पुन्हा तेथेच जातो. इंग्रज त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८७५ साली या प्रकाराला नाव दिले; अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून त्याला जागा मिळायला मात्र २०१३ साल उजाडले.

मलमाने जखम भरते, हात थांबत नाही. त्यासाठी थोड्या बैठकांची बोलण्याची उपचारपद्धती आहे. नेथन अझरिन व ग्रेगरी नन यांनी १९७३ साली मांडलेली सवय मोडण्याची रीत हा तिचा पाया. प्रथम हात केव्हा, कोठे जातो याची नोंद करायची. मग ऊर्मी येताच एक-दोन मिनिटे मूठ घट्ट मिटून ठेवायची.

माझ्या थोरल्या बहिणीला एका समुपदेशक बाईंनी अशीच वही करायला लावली. आमच्याकडे रोवणीत चिखलाने सर्वांचेच पाय फुटतात आणि दिवाळीपर्यंत भरतात. ताईचे भरत नसत. भर उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचे पोलके घाली. पाहुणे पाहायला येणार म्हटले की खुडणे अधिकच वाढे. वहीतून कळले, की चुलीपुढे भात शिजायची वाट पाहताना हात नकळत कोपराकडे जातो. आता त्या वेळी ती सूप घेऊन तांदूळ निवडते. खुडणे पूर्ण थांबलेले नाही, पण वहीतल्या खुणा कमी झाल्या आहेत.

दुसरा भाग विचारांचा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेली विवेकनिष्ठ पद्धती येथे मला फार पटते. ‘खुडले’ हे दुःख एक. ‘मी खुडते म्हणजे मी करंटीच’ हे त्यावरचे दुसरे. या दुसऱ्यानेच ताण वाढतो आणि ताणाने हात चालतो. घरच्यांचे ‘हात आवर!’ हे ओरडणे (आमच्या घरी ते रोजचेच होते) नेमकी तीच भर घालते.

जखम चिघळली तर आधी डॉक्टरच हवा. काहींना औषधेही लागतात. गावात ‘वेड्यांच्या दवाखान्यात नेली’ अशी कुजबुज होते, म्हणून पुष्कळजण जातच नाहीत. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते.