आजार बरा होणार नसेल तरी लेकराची वेदना कमी करता येते

सख्यांनो, समजा आपल्या गटातली एक ताई सलग तीन बैठकांना आली नाही. बचत भरली नाही, कर्जाचा हप्ताही थकला. नियमाप्रमाणे दंड लागतो. चौकशी केली तेव्हा कळलं, की तिच्या सात वर्षांच्या मुलीला कॅन्सर आहे. बदलापूरहून पहाटेची लोकल धरून ती लेकीला परळला नेते आणि रात्री परत येते. धाकटा मुलगा शेजारणीकडे असतो. आता डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडत नाही. घरचे म्हणतात, "आता करण्यासारखं काही उरलं नाही."

खरंच काही उरलं नाही का? आजचा पाठ याच प्रश्नावर आहे.

ही सेवा म्हणजे काय?

गंभीर आजारी मुलाचं दुखणं, धाप, उलट्या, भीती कमी करणं आणि आईबापांना, भावंडांना आधार देणं, याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक सेवा. ही फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मुलांसाठी ही सेवा आजाराचं निदान झाल्यापासूनच सुरू व्हावी आणि मूळ उपचारही सोबत चालू राहावेत. कॅन्सरच नव्हे, तर थॅलेसेमिया, सिकलसेल, एचआयव्ही, जन्मजात हृदयविकार, सेरेब्रल पाल्सी अशा मुलांनाही तिची गरज असते.

आपल्याच जुन्या जिल्ह्यातलं उदाहरण

2010 साली महाराष्ट्रात मुलांच्या उपशामक सेवेचा एक प्रकल्प सुरू झाला. टाटा मेमोरियलच्या डॉ. मेरी अॅन मुकादन यांनी त्याचं नेतृत्व केलं. ब्रिटिश सरकारच्या मदत विभागाने पाच वर्षांसाठी निधी दिला. त्यातलं एक केंद्र मुंबईच्या सायन रुग्णालयात होतं आणि दुसरं जव्हारच्या कुटीर रुग्णालयात. जव्हार तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. डोंगराळ आदिवासी तालुक्यात अशी सेवा सुरू होऊ शकते, तर लोकलच्या मार्गावरच्या आपल्या गावांत ती मागायला आपण का लाजावं?

आपल्या भागात काय दिसतं?

उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलं. सिंधी समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आढळतं, पण हा आजार कुठल्याही समाजात होऊ शकतो. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. त्यामुळे अंगात साठणारं लोह काढायला रोजचं औषध लागतं. आईबाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच रक्ताची तपासणी करून घ्या.

थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांना 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. म्हणून सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्यावं.

मुलाचं दुखणं कसं ओळखावं?

मोठी मुलं सांगतात, तान्ही सांगू शकत नाहीत. बाळ सारखं रडतं, पाय पोटाशी घेतं, दूध ओढत नाही, हात लावू देत नाही. कधी उलटंही होतं, मूल अगदी गप्प पडून राहतं. गप्प आहे म्हणजे दुखत नाही, असं समजू नका. चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला हसऱ्या ते रडक्या चेहऱ्यांची चित्रं काढून दाखवा आणि विचारा, "तुझा चेहरा यातला कोणता?"

दुखण्याचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवरच द्या. दुखणं वाढायची वाट पाहू नका. फार तीव्र वेदनेसाठी डॉक्टर मॉर्फिन देतात. "त्याची सवय लागेल" या भीतीने बऱ्याच आया ते देत नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरल्या मात्रेत दिलं तर मुलाला आराम पडतो. बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत मागून घ्या. मनाने मात्रा वाढवू नका आणि औषध अचानक बंदही करू नका.

अंथरुणावरच्या मुलाची कूस दर दोन तासांनी बदला, म्हणजे जखमा होत नाहीत. आडवं झोपवून भरवू नका, ठसका लागतो.

गट काय करू शकतो?

1. गैरहजेरीचा दंड लावण्याआधी घरी जाऊन या. हप्त्याला मुदत देण्याचा ठराव बैठकीत करून तो इतिवृत्तात लिहा.
2. आठवड्यातला एक दिवस वाटून घ्या. एकीने डबा द्यायचा, दुसरीने भावंडाला शाळेतून आणायचं, तिसरीने दोन तास मुलाजवळ बसायचं. आईला झोप मिळणं हीसुद्धा सेवाच आहे.
3. आशाताईंना सोबत घेऊन मध्यवर्ती रुग्णालय (उल्हासनगर), छाया रुग्णालय (अंबरनाथ) किंवा बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा: मुलांच्या दुखण्यावर कोण बघतं? मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळेल का?
4. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कॅन्सर आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना रेल्वे सवलत आहे. डॉक्टरांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.
5. भगत-बाबांवर दागिने मोडण्याआधी त्या ताईशी शांतपणे बोला. तिला दोष देऊ नका.

आणि एक. "तू काय पाप केलंस?" हा प्रश्न कुणीही विचारू नये. आजार पापाने होत नाही. बोलायला काही सुचलं नाही तर नुसतं जवळ बसा.

बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या वस्तीत असं आजारी मूल आहे का? त्याच्या घरी शेवटचं कोण गेलं होतं?
- अशा सदस्याच्या दंडाबद्दल आणि हप्त्याबद्दल आपला नियम काय असावा?
- पुढच्या बैठकीपर्यंत कोणत्या दोघी भेटून येतील? त्यांची नावं आजच लिहा.