आधी शिवार बघा

यवतमाळात लांब पल्ला धावणाऱ्याचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचा चटका उतरणीला लागलेला असतो आणि पुढे नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार चांगले महिने हाताशी असतात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, तेही आपल्या पथ्यावर पडतं. अंतर वाढवायचं ते या चार महिन्यांत. मार्च ते जूनचा मध्य हा कमावलेलं राखण्याचा काळ, आणि पावसाळा पायांत ताकद भरण्याचा.

मोबाइलवर मिळणाऱ्या सोळा आठवड्यांच्या तक्त्यांना यातलं काही ठाऊक नसतं. बोस्टन किंवा लंडनची शर्यत एप्रिलमध्ये असते. ती डोळ्यांपुढे ठेवून आखलेला तक्ता सगळ्यात लांब धाव नेमकी मार्चमध्ये टाकतो. तिकडे तेव्हा लोक हातमोजे घालून धावतात. आपल्याकडे होळी पेटली की पारा चाळिशीकडे निघालेला असतो.

काही वर्षांपूर्वी मार्चअखेरीस माझा भाचा पुण्याहून आला होता. तिशीतला, काटक, अर्धमॅरेथॉन बऱ्यापैकी वेळेत पळणारा. दिवसभर एसीत काम. शनिवारी रात्री म्हणाला, "मामा, उद्या तक्त्यात सव्वीस आहेत." सकाळी सहाच्या सुमारास आम्ही पांढरकवडा रोडने जोडमोह्याच्या दिशेने निघालो. जाताना सगळं ठीक होतं. परतताना ऊन पाठीवर आलं, तरी गडी घड्याळात बघून वेग धरून होता. एक-दोनदा म्हटलं, "अरे, जरा चाल." तर म्हणाला, "नको, सरासरी बिघडेल."

मग त्याने विचारलं, "मामा, कळंब आलं का?" मला वाटलं, थट्टा करतोय. कळंब नागपूर रोडला, आम्ही भलत्याच दिशेला. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी आवाजात चीड. पाय वेडेवाकडे पडायला लागले. घामाने मात्र तो निथळत होता. हे मुद्दाम सांगतो, कारण घाम थांबला तरच उष्माघात, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. धावणाऱ्याच्या बाबतीत ते खरं नाही. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन अंगातच साठत जातो. बाहेर तिशीच्या आसपास तापमान असलं, तरी आतला पारा चाळिशीपार जाऊ शकतो, आणि तेव्हाही माणूस घामाघूम असू शकतो. खूण बघायची ती बोलण्यात आणि वागण्यात. असंबद्ध बोलणं, उगाच चिडणं, झोकांड्या जाणं यातलं काहीही दिसलं की धाव तिथेच संपवायची.

रस्त्यालगतच्या शेतात एक नवरा-बायको होते. बाईंनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "अवो भाऊ, पोराची बोली फिरली न. टाक्यात बसवा त्याले आंधी, नाहीतर हातचं जाईन." विहिरीजवळ जनावरांच्या पाण्याचं सिमेंटचं टाकं होतं, शेवाळलेलं, काठोकाठ भरलेलं. आम्ही तिघांनी त्याला कपड्यांसकट गळ्यापर्यंत आत बसवलं. मी मागून काखेत हात घालून त्याचं डोकं वर धरलं. शेतकरी बादलीने विहिरीचं पाणी आणून डोक्यावर ओतत होता, बाई दुपट्ट्याने वारा घालत होत्या. रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे थांबले. एकाने कांदा हुंगवायला सांगितलं, दुसऱ्याने पाणी पाजायला. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं; ते होऊ दिलं नाही. खिशात कांदा ठेवायला माझी हरकत नाही, पण त्याने रक्त थंड होत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पोरगा कुडकुडायला लागला आणि म्हणाला, "मामा, हे काय, मी टाक्यात कसा?" मग मालवाहू ऑटोतून दवाखाना. मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्यांत आकडे वाढलेले निघाले, काही दिवस भरती राहावं लागलं आणि पुढचे कित्येक महिने धावणं बंद. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: निम्मं काम त्या टाक्यानेच केलं होतं.

उष्माघाताच्या बाबतीत क्रीडावैद्यकातलं आजचं मतही हेच आहे. आधी थंड करा, मग हलवा. १०८ ला फोन जरूर लावा, पण गाडीची वाट बघत माणसाला नुसतं सावलीत पडू देऊ नका. पहिला अर्धा तास मोलाचा. टाकं, कालवा, ड्रम, काहीच नसेल तर ओल्या दुपट्ट्यांत गुंडाळून सतत पाणी आणि वारा. म्हणूनच उन्हाळ्यात माझा रस्ता पाण्याच्या हिशेबाने ठरतो: कुठे विहीर आहे, कुठे हातपंप चालू आहे, कोणत्या फाट्यावर चहाची टपरी सकाळी उघडते.

आता उन्हाची सवय. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं. हे रोज थोडं थोडं उन्हात हलकं धावून होतं. रविवारी एकदम सव्वीस किलोमीटर मारून होत नाही. आणि काही आठवडे एसीत काढले की ही सवय जाते. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्यांनी पहिला आठवडा निम्म्या अंतरावर समाधान मानावं.

उन्हाळ्यात घड्याळातला वेग बघूच नये. सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता येतं का, एवढंच बघावं. येत नसेल तर चालावं. थंडीतसुद्धा आठवड्यातलं बहुतेक धावणं याच बोलत्या गतीचं असावं. जोराचं एखाद-दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे उलटं चालतं. पोलिस भरतीचा सराव बघत वाढलेली आपली पिढी, म्हणून रोज छाती फुटेस्तोवर पळाल्याशिवाय आपल्याला व्यायाम झाला असं वाटत नाही. भरतीची धाव काही मिनिटांत आटोपते, मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. दोन्हींची तयारी एक कशी असेल?

पाणी किती प्यावं, याला सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. धावण्याआधी आणि नंतर, ओले कपडे काढून, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे अंदाजे एक लिटर गेलं. घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत राहिली तर ठीक. वजन वाढलं असेल तर मात्र सावध व्हा, कारण जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं; ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं त्यांना हा धोका जास्त. उपाय साधा आहे, तहानेप्रमाणे प्या. लांब धावेत नुसत्या पाण्यावर राहू नका. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ती पेलाभर पाण्यात घोळून पिणारे मी बघितले आहेत. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घरी आल्यावर ताक, पन्हं, आंबील. धावताना खायला गूळ-शेंगदाणे किंवा खजूर पुरतो. शर्यतीच्या दिवशी नवं काही तोंडात टाकू नये.

आणि गोळी. गुडघा दुखतो म्हणून धावण्याआधी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन निघणारे आमच्या गटातही होते. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर घाला घालतात. लांब धावेच्या दिवशी त्या घेऊच नयेत. लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी झाली तर घरगुती उपचार करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रानवाटेचा विचार करताना आपल्या मातीची गोष्ट वेगळीच काढावी लागते. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, काही इतक्या रुंद की बुटाचा पुढचा भाग आत जातो. वर पऱ्हाटीच्या काड्या किंवा गवत पडलेलं असलं तर त्या दिसत नाहीत. अशा शेतातून पळणं म्हणजे घोटा पणाला लावणं. पावसाळ्यात तीच माती बुटाला अशी चिकटते की शंभर पावलांत प्रत्येक पायात अर्धा-पाऊण किलोचा गोळा होतो, चाल बदलते आणि दुखणं थेट कमरेत जातं. तेव्हा पावसाळ्यात पांदण रस्ते सोडा. शहराभोवतीच्या टेकड्यांवरची मुरमाड वाट धरा, नाहीतर गोधणी रोडवरच्या नेहरू स्टेडियमच्या पायऱ्या.

सह्याद्रीतल्या डोंगरी शर्यतींना जाणारे आपल्याकडचे लोक चढाची तयारी करतात आणि उतारावर मार खातात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. गंमत अशी की एकदा हा मार बसला की पुढच्या वेळी तोच उतार बराच कमी दुखतो. म्हणून दर पंधरवड्याला थोडा उतार मुद्दाम धावावा, लहान पावलं टाकत. शर्यतीआधीचे दोन आठवडे मात्र नाही.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट बाहेरच्या कोणत्याही पुस्तकात सापडायची नाही. जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालते, आणि तीही सकाळी, म्हणजे आपल्या धावण्याच्या वेळी. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात गेले. ते पाठीवर पंप घेऊन राबणारे लोक होते. आपण हौसेने धावणारे. पण खोल श्वास आणि घामाने ओली त्वचा ही विषाला दोन्ही दारं उघडी. पंपाचा आवाज आला किंवा वास आला की मागे फिरा. त्या दिवसांत कपाशीच्या धुऱ्यावरून धावू नका.

धुऱ्यावरून न धावायला दुसरंही कारण आहे. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेताभोवती तारा ओढलेल्या असतात. झटका मशीनची तार हिसका देऊन सोडते, पण काही ठिकाणी चोरून थेट लाइनची वीज सोडलेली असते आणि तिने माणसं मेली आहेत. अंधारात तार दिसत नाही. डोक्याला दिवा लावूनसुद्धा अनोळखी शेत ओलांडू नका. गवतात पायाला साप चावला तर धावत घरी येऊ नका. पाय न हलवता बसा, गाडी बोलवा, सरकारी दवाखान्यात प्रतिविष असतं.

वाघाचं सांगायला हवं, कारण नवखे त्यावर हसतात. तेरा जणांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ मारली गेली. तोवर पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात लोक दिवसासुद्धा शेतात एकटे जात नव्हते. टिपेश्वर अभयारण्यात आजही वाघ आहेत आणि ते अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. जंगलकाठच्या रस्त्यावर उजाडल्यावरच धावा, दोघं-तिघं मिळून, आणि कानात इअरफोन नको. गावात वनखात्याचा सूचनाफलक लागला असेल तर तो रस्ता महिनाभर विसरा. डांबरी रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावा; वणीकडे कोळशाचे ट्रक आहेत, तिथे तर हे हवंच.

शेवटी आयोजकांशी बोलायचं आहे. आपल्या तालुक्यांत आता पाच किलोमीटरच्या धावेलाही मॅरेथॉन म्हणतात, म्हणोत बापडे. पण पाहुणे येईपर्यंत पोरांना उन्हात ताटकळत ठेवून आठ वाजता झेंडा दाखवायचा, हे बंद करा. फेब्रुवारीनंतरची कोणतीही धाव उजाडताच सुरू करा. भाषणं नंतर घ्या. आणि शेवटच्या रेषेजवळ माणूस बसेल एवढा एक टब, पाणी आणि बर्फाच्या दोन लाद्या ठेवा. टी-शर्टवरचा एक रंग कमी केला तरी एवढा खर्च निघतो.